करंगळी

लक्ष्मीपुरीतल्या टॉकीजवर
बावीस फुटी बाई होती.
मान मागं, तोंड उघडं, केस मुठीत.
मूठ कुणाची ते फळीवर नव्हतं,
मनगटापाशी फळी संपत होती.

बाजाराला आलेली माणसं
वर बघत, पान थुंकत, आत जात.

दुपारी पाचजणी आल्या.
आक्काताई सावेकर पुढं, हातात डांबराची बादली,
मागं नूरजहाँ मुल्लाणी, दूधकट्ट्यावरची शेवंता,
आणि दोघी कॉलेजच्या, घोषणा पाठ असलेल्या,
पण आवाज फुटत नव्हता.
मॅनेजर म्हणाला, बाई, पिक्चर आहे हो,
खरं कुठं मारलंय?
शेवंता म्हणाली, आमचं मालक तिसऱ्यांदा बघून आलं.
पुढं काही बोलली नाही.
पदर तेवढा कानावरनं सारखा केला.

मी समोर चहाच्या गाड्यापाशी उभी होते.
मला ती मूठ ठाऊक होती.

आबा आमचे बोर्ड रंगवायचे.
रॉकेल नि जवसाच्या तेलाच्या वासात
मी चौकटी आखायला शिकले, मग आकाश भरायला.
चेहऱ्यांना हात लावायची मुभा नव्हती.
किंचाळणारी बाई हवी असली
की आबा आईला हाक मारायचे.
ती भात उतरवून यायची,
स्टुलावर बसत विचारायची,
आज कशानं मरायचंय?
गालाखालनं उजेड पडावा म्हणून कंदील जमिनीवर.
मान मागं टाक. अजून. भ्यायल्यागत कर.
ती हसायची.
मग आबा उठून डाव्या हातानं केस धरायचे,
नुसते धरायचे, असं ते म्हणायचे,
आणि उजव्यानं कोळशाची रेघ.
भात गार व्हायचा.

आई गेली त्यालाही सहा वर्षं झाली.
नट्या बदलल्या, नाकं बदलली.
ओरडणं तिचंच राहिलं.

आक्काताईंनी बादली उचलली
तेव्हा मी रस्ता ओलांडला.
म्हटलं, डांबर नका फासू.
तोंड काळं तिचंच होतंय.
त्या भडकल्या, मग काय आरती करू?
खरं तर मलाही ठाऊक नव्हतं.
नूरजहाँनं विचारलं, तू कुणाची गं?
मी म्हटलं, बोर्डवालीची.
वाल्याची म्हणायचं होतं.

घरनं सफेदा आणला, निळा आणला.
वर चढलं की चेहरा दिसत नाही,
नुसते रंगाचे थर,
ओंजळीएवढी एक नाकपुडी.
खाली गर्दी. कुणीतरी शिट्टी मारली.
शेवंतानं शिडी धरली होती,
तिच्या बांगड्या लाकडावर वाजत होत्या,
वरपर्यंत ऐकू येत होत्या.
मी अंगठा पुसला. मग बोटं, एकेक.
करंगळी शेवटी.
तालमीत मोडलेली, वाकडीच बसलेली,
जशी होती तशी काढलेली.
हिलाच धरून मी पंचगंगेच्या पायऱ्या उतरले होते.
ब्रश थांबला.
मग पुसली.

खाली येऊन बघितलं.
केस मोकळे, मान मागं, तोंड तसंच उघडं.
कॉलेजातली एक म्हणाली, हसतेय.
आक्काताई म्हणाल्या, शिव्या घालतेय.
मला वाटलं, भात लावलाय म्हणून
कुणाला तरी हाक मारतेय.
पोलिसानं वहीत लिहिलं, चित्रात फेरफार,
आणि माझं नाव विचारलं.
पाचजणींनी पाच नावं सांगितली, माझं सोडून.

फळी आठवडाभर तशीच राहिली,
उतरवायचा खर्च कोण देणार.
नंतर आली तिच्यात चाकू होता.
आक्काताईंचा निरोप आला, शिडी आहे का घरची?

आबा दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीत जाऊन आले,
चप्पल काढली,
म्हणाले, निळा जास्त झालाय.
सफेदा घालायचा होतास अजून.

डावा हात खिशात होता.